कार्यालयीन खर्च कमी म्हणजे संस्था प्रामाणिक?

विकासकार्याला देणगी देणाऱ्यांमध्ये हा समज पक्का रुजला आहे, आणि तो चुकीचा आहे. 2013 मध्ये सेवाभावी संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणाऱ्या अमेरिकेतील गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संघटनांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून नेमके हेच सांगितले.

हिशेबनीस, प्रशिक्षण, तक्रारी ऐकणारी यंत्रणा यांवरचा बराचसा खर्च कार्यालयीन खर्चाच्याच सदरात जातो. तो कापला की पैसा कुठे गेला हे पाहणारेच उरत नाहीत. सर्वाधिक झळ बसते ती स्थानिक संघटनांना: निधी प्रकल्पापुरता मिळतो, प्रकल्प संपला की अनुभवी माणसे पांगतात.

शिवाय हिशेब फक्त देणगीदारालाच का द्यायचा? युगांडात 1991 ते 1995 या काळात प्राथमिक शाळांच्या सरकारी अनुदानापैकी सरासरी जेमतेम 13 टक्के रक्कम शाळांपर्यंत पोहोचत होती. पुढे सरकार या रकमा वर्तमानपत्रांत छापू लागले, आणि 2001 पर्यंत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेले. इतर सुधारणाही झाल्या होत्या, त्यामुळे सगळे श्रेय छापील आकड्यांचे नाही. पण आपल्या शाळेला किती पैसे मिळायला हवेत, हे पालकांना कळू लागले होते.

म्हणून देणगी देताना कार्यालयीन खर्चाच्या टक्केवारीआधी हे विचारा: ज्यांच्यासाठी काम चालते, त्यांना अंदाजपत्रक दाखवले जाते का? त्यांच्या तक्रारीवरून काही बदलले का?