‘रुग्ण सहकार्य करत नाही’

मनोविकार वॉर्डाच्या नोंदवहीत एक वाक्य वारंवार आढळते : ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ गोळी घेताना त्याने परिचारिकेकडे पाहिले नाही, प्रश्नाचे उत्तर स्वतः न देता सोबतच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिले, किंवा ‘मन कसे आहे?’ असे विचारल्यावर छातीवर हात ठेवून तो गप्प बसला, की ही नोंद होते. तो ज्या घरात वाढला तेथे नजर खाली ठेवणे हा आदर असू शकतो, आणि मनाचे दुखणे शरीराच्या नावाने सांगण्याचीच रीत असू शकते. पण नोंद एकदा झाली की पुढच्या पाळीची परिचारिका ती लक्षण म्हणूनच वाचते.

अमेरिकेतील परिचारिका मॅडलिन लाइनिंगर यांना १९५०च्या दशकात सिनसिनाटी शहरात मनोविकारग्रस्त मुलांसोबत काम करताना जाणवले, की वेगवेगळ्या समाजांतून आलेली मुले काळजीला वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि आपल्या प्रशिक्षणात त्याचा पत्ताच नव्हता. त्या पुढे मानववंशशास्त्राकडे वळल्या आणि आंतरसांस्कृतिक परिचर्या, म्हणजे रुग्णाची संस्कृती समजून घेऊन केलेली शुश्रूषा, ही स्वतंत्र शाखा त्यातून उभी राहिली.

दुःख सर्वत्र असते, त्याची नावे मात्र निराळी असतात. झिंबाब्वेतील शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे अति विचार करणे. तोच विचार माणसाला आजारी पाडतो, अशी तेथील समजूत आहे. कंबोडियातील लोक शरीरात वारा वर चढल्याचे सांगतात. चक्कर येते, मान दुखते आणि मरणाची भीती वाटते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत या दोन्ही संकल्पनांची दखल आहे. मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी झिंबाब्वेत प्रशिक्षित आज्यांना बाकावर बसवून समुपदेशन सुरू केले, तेव्हा ‘नैराश्य’ या परक्या शब्दाऐवजी ‘कुफुंगिसिसा’ हाच शब्द वापरला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या बाकावर बोललेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनंतर बरीच कमी असल्याचे दिसले.

येथे एक खाचखळगा आहे, आणि माझ्या मते तो अज्ञानापेक्षाही धोक्याचा आहे. ‘अमुक समाजाचे लोक असे असतात’ अशी यादी पाठ केली, की समोरचा माणूस दिसेनासा होतो. न्यूझीलंडमधील माओरी या मूळनिवासी समाजातील परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी म्हणूनच ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ हा वेगळा विचार मांडला : परिचारिकेने आधी स्वतःच्या सवयी, पूर्वग्रह आणि हाती असलेली सत्ता तपासावी, काळजी सुरक्षित होती की नाही, हे मात्र ती घेणाऱ्यानेच सांगावे. १९९२ पासून हा विचार तेथील परिचर्या शिक्षणाचा भाग आहे.

मग वॉर्डात नेमके करायचे काय? विचारायचे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली सुचवलेले प्रश्न आजही कामाला येतात : या त्रासाला तुम्ही काय म्हणता? तो कशामुळे झाला असे वाटते? तेव्हाच का सुरू झाला? सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? या प्रश्नांना चूक उत्तर नसते, म्हणूनच रुग्ण बोलू लागतो. भाषा वेगळी असेल तर प्रशिक्षित दुभाषी हवा. आईच्या मनातला आत्महत्येचा विचार तिच्या दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वदवून घेणे दोघांवरही अन्याय आहे. शिवाय नातेवाईक लाजेपोटी नेमके तेच वाक्य गाळतात, ज्यासाठी प्रश्न विचारलेला असतो.

औषधांच्या बाबतीतही हे विचारणे जिवावरचे संकट टाळू शकते. द्विध्रुवी विकारात, म्हणजे मन अति उत्साह आणि नैराश्य यांच्या टोकांमध्ये हेलकावणाऱ्या आजारात, दिले जाणारे लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले, की मूत्रपिंडे मिठातील सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवतात. मग रक्तातील त्याचे प्रमाण वाढून हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. दिवसभर पाणीही न घेण्याचा उपवास श्रद्धेने करणारा रुग्ण हे आपणहून सांगेलच असे नाही, कारण उपवास सोडायला लावतील अशी त्याला धास्ती असते. ‘येत्या महिन्यात उपवास आहेत का?’ असे परिचारिकेने सहज, गोळी हातावर ठेवता ठेवता विचारले, तर डॉक्टरांना रक्ततपासणीची तारीख आणि मात्रेची वेळ आधीच ठरवता येते.