धुळीमागचे तारे आणि फुग्याला टांगलेली दुर्बीण

तारे जन्मतात वायू आणि धुळीच्या ढगांत, आणि हीच धूळ त्यांचा प्रकाश अडवते. ताऱ्यांनी आजवर दिलेल्या एकूण प्रकाशापैकी जवळपास निम्मा असा धुळीने गिळला आहे. तरी ही ऊर्जा वाया जात नाही. धूळ किंचित तापते (तरीही शून्याखाली दोनशे अंशांहून थंडच) आणि दूर-अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे, लाल प्रकाशाहून खूप लांब तरंगांचे) सोडते. नुसत्या दृश्य प्रकाशावरून तारानिर्मितीचा इतिहास लिहायला बसलं, तर अर्धी खतावणीच गहाळ.

हे किरण जमिनीपर्यंत मात्र पोचत नाहीत, हवेतली पाण्याची वाफ त्यांना शोषून घेते. उपग्रह पाठवायचा तर खर्च अफाट. मग उरतो हेलियमचा फुगा. पातळ पॉलिथिनचा हा फुगा उंचावर शंभर मीटरहून जास्त रुंद फुगतो आणि टनावारी वजनाची दुर्बीण 35-40 किलोमीटरवर नेतो. तिथे डोक्यावर वातावरणाचा एक टक्काही उरत नाही. मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेनेही एक मीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून अशीच उडवून आपल्या आकाशगंगेतल्या तारानिर्मितीच्या प्रदेशांचे नकाशे केले.

दूरच्या दीर्घिकांसाठी, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या इतर तारकासमूहांसाठी, मोठी झेप घेतली ती फुग्यावरच्याच ‘ब्लास्ट’ या दुर्बिणीने. डिसेंबर 2006 मध्ये ती अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोहून उडाली. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे फुग्यातला वायू रात्री गार होऊन फुगा खाली येण्याची भीती नसते, आणि वारे त्याला ध्रुवाभोवती फिरवत ठेवतात. आरसा 1.8 मीटरचा, डिटेक्टर निरपेक्ष शून्याच्या (उणे 273 अंश, याहून थंड काही असूच शकत नाही) वर जेमतेम 0.3 अंश. अकरा दिवस निरीक्षणं झाली. उतरल्यावर पॅराशूट दुर्बिणीपासून सुटून वेगळं झालंच नाही. वाऱ्याने दुर्बीण बर्फावरून सुमारे दोनशे किलोमीटर फरफटत नेली आणि तिचा चक्काचूर झाला. सगळी भिस्त आता हार्ड डिस्कवर होती, आणि त्या सापडल्या! इतक्या वर्षांच्या मेहनतीचा निकाल बर्फात पडलेल्या डब्यावर ठरावा, हे फुग्यावरच्या विज्ञानातच घडू शकतं.

ब्लास्टची नजर अंधूक होती, शेजारशेजारच्या दीर्घिका तिला एकच ठिपका दिसायच्या. म्हणून शास्त्रज्ञांनी स्पिट्झर या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीने आधीच नोंदवलेल्या दीर्घिकांच्या जागा घेतल्या आणि ब्लास्टच्या नकाशात नेमक्या त्या जागांवरचा प्रकाश एकत्र करून सरासरी काढली. 2009 साली आलेला निष्कर्ष असा: आकाशभर पसरलेली दूर-अवरक्त पार्श्वप्रभा (मंद उजेड) मुळात स्वतंत्र दीर्घिकांचीच आहे, आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग विश्वाचं वय पाच अब्ज वर्षांपेक्षा कमी असतानाचा आहे. तारे घडवण्याची धामधूम तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती.

त्याच वर्षी साडेतीन मीटर आरशाची हर्शेल दुर्बीण अवकाशात गेली, ब्लास्टवर पारखलेल्या जातीचेच डिटेक्टर घेऊन. ब्लास्टही पुन्हा बांधली गेली, आणि 2010 व 2012 मध्ये अंटार्क्टिकावरून पुन्हा उडाली.