भिशीतला शेवटचा नंबर

आईच्या भिशीत बाराजणी होत्या. महिन्याला हजार रुपये. पाच तारखेला कुणाच्या तरी घरी जमायचं, स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि घरातल्या लहान मुलाला एक उचलायला सांगायची. जिचं नाव निघेल तिला बारा हजार. आईचं नाव लवकर निघालं, तर ती कुणाशी तरी अदलाबदल करून घ्यायची. तिला शेवटचा नंबर हवा असे.

कॉलेजात असताना यावरून माझे तिच्याशी वाद व्हायचे. पहिल्या नंबरवालीचा फायदा उघड आहे, तिला अकरा महिने बिनव्याजी रक्कम वापरायला मिळते. पण शेवटचीचं काय? बारा महिने हजार भरायचे आणि मिळणार बारा हजारच. तेच पैसे बँकेत आरडीत टाकले असते तर वर व्याज मिळालं असतं. आई एवढंच म्हणायची, "बँकेतले पैसे मागितले की मिळतात. भिशीतले मागून मिळत नाहीत."

या वाक्यात किती अर्थशास्त्र होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आधी भिशीचं साधं गणित पाहू. बाराजणींना प्रत्येकी बारा हजारांची शिलाई मशीन घ्यायची आहे. प्रत्येकीने घरी एकटीने पैसे साठवले, तर सगळ्यांच्या मशिनी बाराव्या महिन्यात येतील. भिशी लावली तर पहिली मशीन पहिल्या महिन्यात, दुसरी दुसऱ्या महिन्यात येते आणि वाट पाहण्याचा सरासरी काळ बारावरून साडेसहा महिन्यांवर उतरतो. अकराजणींना मशीन लवकर मिळते आणि बारावीचं काही बिघडत नाही. टिमोथी बेसली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली हा हिशेब नीट मांडला. आपण जिला भिशी म्हणतो ती रीत आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत, पूर्व आशियात वेगवेगळ्या नावांनी चालते, कारण सगळीकडे गणित तेच आहे.

पण या गणिताने शेवटचा नंबर मुद्दाम मागणारी बाई उलगडत नाही. तिच्यापर्यंत पोचायला नैरोबीला जावं लागतं.

केनियाच्या या राजधानीतल्या किबेरा या झोपडवस्तीत सिवन अँडरसन आणि झाँ-मारी बालाँ या अर्थशास्त्रज्ञांनी भिशीसारख्या गटांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. सभासद बहुतेक बायका होत्या, आणि त्यातही नवऱ्यासोबत राहणाऱ्या, स्वतःची कमाई असलेल्या बायकांचं प्रमाण ठळक होतं. घरात पडलेला पैसा घराचा होतो, तो कुणीही मागू शकतं आणि नाही म्हणणं अवघड असतं. गटात गेलेला पैसा मात्र सगळ्यांच्या देखत गेलेला असतो. "भिशीचा हप्ता आहे" हे उत्तर नवऱ्यालाही मान्य करावं लागतं, दिरालाही आणि उसने मागायला आलेल्या शेजारणीलाही.

मागणाऱ्यांत आपण स्वतःही असतो. आज हजार रुपये घेता की महिन्याने अकराशे, असं विचारलं तर पुष्कळजण आजचे हजार उचलतात. वर्षाने हजार की तेरा महिन्यांनी अकराशे, असं विचारा. तेव्हा तीच माणसं म्हणतात, एवढं थांबलो तर आणखी एक महिना थांबू. मधलं अंतर दोन्हीकडे एका महिन्याचंच आहे. पण 'आत्ता' हा शब्द आला की मनातला तराजू कलतो. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड लायबसन यांनी १९९७ साली हा कल गणिती सूत्रात बसवला आणि एक महत्त्वाची गोष्ट दाखवली : ज्याला आपला हा कल ठाऊक आहे, तो शहाणा माणूस स्वतःच्या पैशाला स्वतःच कुलूप लावून घेईल.

खरंच लावतो का? फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटावर नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी एका बँकेबरोबर प्रयोग केला. काही खातेदारांना एक नवं खातं देऊ केलं. आपणच ठरवलेली तारीख येईपर्यंत, किंवा ठरवलेली रक्कम जमेपर्यंत, त्यातून पैसे काढता येणार नव्हते. व्याज नेहमीच्या खात्याइतकंच, म्हणजे फायदा काही नाही आणि अडचण तेवढी जास्त. तरी २८ टक्के लोकांनी ते खातं उघडलं. वर्षानंतर, ज्यांना हे खातं देऊ केलं होतं त्यांची सरासरी शिल्लक इतरांपेक्षा ८१ टक्के बिंदूंनी अधिक वाढलेली होती, म्हणजे दोन्हीकडच्या वाढीच्या टक्क्यांत ८१चं अंतर होतं.

याहून चकित करणारी नोंद विजयवाड्याची आहे. स्टुअर्ट रदरफर्ड यांनी तिथल्या झोपडपट्टीत दारोदार फिरून रोज बचत गोळा करणाऱ्या एका बाईंचं काम टिपून ठेवलं. कार्डावर २२० चौकोन, रोजचे पाच रुपये. कार्ड भरलं की अकराशे जमलेले असायचे आणि परत मिळायचे हजार. वरचे शंभर बाईंची मजुरी. सगळी रक्कम काही पहिल्या दिवसापासून जमलेली नसते, म्हणून वार्षिक हिशेब केला तर हे सुमारे उणे तीस टक्के व्याज झालं. लोक पैसे साठवायला व्याज देत होते, कारण रोज दाराशी येऊन हक्काने पाच रुपये मागणारं दुसरं कुणी नव्हतं. आपल्याकडचा पिग्मी एजंट याच जातकुळीतला. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली रोजच्या दोन आण्यांपासून पिग्मी ठेव सुरू केली. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत संध्याकाळी मशीन हातात घेऊन दुकानं पालथी घालणारा माणूस त्याच कल्पनेचा वारस आहे.

म्हणून 'अमका काटकसरी, तमका उधळा' ही विभागणी मला फार कच्ची वाटते. लहानपणी गल्ल्यात पैसे टाकणारं मूल मोठेपणी शिल्लक टाकतं, हा आपला लाडका समज. त्याला मोठा आधार मिळाला तो मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्डमधल्या मार्शमॅलो प्रयोगांचा. समोरची एक मिठाई न खाता थांबलास तर दोन मिळतील, असं मुलांना सांगितलं होतं. जी थांबली ती पुढे आयुष्यात सरस ठरली, असा त्याचा बोलबाला झाला. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हाच संबंध पुन्हा तपासला, तेव्हा तो मुळातच बराच कमी भरला. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तर आणखी पातळ झाला.

त्याआधी सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी रॉचेस्टरमध्ये एक छोटा पण बोलका प्रयोग केला होता. मिठाईच्या आधी मुलांना चित्रकलेचं साहित्य द्यायचं वचन दिलं. निम्म्यांच्या बाबतीत ते पाळलं, निम्म्यांच्या बाबतीत मोडलं. मग मिठाई समोर ठेवली. ज्यांना दिलेलं वचन पाळलं होतं ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांच्या बाबतीत ते मोडलं होतं ती फक्त तीन. त्या तीन मिनिटांत चुकीचं काहीच नव्हतं. समोरच्या माणसाचा शब्द खोटा ठरतो हे नुकतंच कळलेलं असताना हातातलं खाऊन टाकणं हाच शहाणपणा. एखाद्या गावातली पतसंस्था बुडते, तेव्हा सगळं गाव या मुलांच्या जागी येतं. त्यानंतर तिथली बाई जास्तीचे पैसे सोन्यात घालते किंवा वापरून मोकळी होते, तेव्हा तिला आर्थिक साक्षरतेचे धडे देऊ नयेत. ती अनुभवातूनच शिकलेली असते.

मिळकत कशी येते, यावरही खूप अवलंबून असतं. ऊस उत्पादकाचा पैसा वर्षातून एकदा येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर तपासणी केली. तोडणीआधी ७८ टक्के जणांनी काहीतरी गहाण ठेवलं होतं, नंतर फक्त चार टक्के. तर्काची कोडी त्याच माणसांना तोडणीआधी कमी सुटली. टंचाई बुद्धीवरही भार टाकते, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर घेतलेल्या चाचण्यांत बुद्धीतला असा फरक दिसला नाही. पैशाच्या बाबतीतला उतावळेपणा मात्र पगाराआधी वाढलेला दिसला. वाद अजून मिटलेला नाही, पण एक गोष्ट दोन्हीकडून कळते : जो माणूस आज अविचारी वाटतो, तोच दोन महिन्यांनी विचारी वाटू शकतो.

सगळ्या आयुष्यातल्या बचतीचा आलेख काढला अर्थशास्त्रज्ञ फ्रँको मॉदिग्लियानी आणि त्यांचे तरुण सहकारी रिचर्ड ब्रुमबर्ग यांनी, १९५४ साली. माणसाला खर्च आयुष्यभर साधारण सारखा हवा असतो, पण कमाई मधल्या वर्षांतच होते. म्हणून तरुणपणी कर्ज, मध्यमवयात बचत आणि म्हातारपणी ती बचत उपसून खाणं. आलेख उंटाच्या वशिंडासारखा दिसतो. ब्रुमबर्ग त्याच सुमारास अकाली गेले. मॉदिग्लियानींना १९८५ साली नोबेल मिळालं.

वशिंडाची चढण बऱ्याच ठिकाणी जुळते, उतार मात्र जुळत नाही. निवृत्त माणसं सिद्धान्ताच्या अपेक्षेइतकी शिल्लक खर्च करत नाहीत, हे कितीतरी देशांत दिसलं आहे. किती जगू ठाऊक नाही, दवाखान्याचं बिल किती येईल ठाऊक नाही, मुलाबाळांना काही ठेवायचंही असतं. आपल्याकडे तर बहुसंख्य कामकऱ्यांना निवृत्तिवेतनच नाही. म्हातारपणाची ठेव म्हणजे मुलंच. त्यामुळे चाळिशीत मुलीच्या शिक्षणावर केलेला खर्च खर्चाच्या रकान्यात मांडायचा की बचतीच्या, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बाराजणींतल्या सहाच उरल्या, दोन सुना त्यात आल्या. हप्ता अजून हजारच आहे. बँकेत तिची एफडी आहे. ती मोडून पैसे काढायला आता घरात कुणी मागणारंही नाही, म्हणजे शेवटच्या नंबराचं जुनं कारण संपलं. तरी गेल्या महिन्यात तिची चिठ्ठी पहिलीच निघाली, तेव्हा तिने ती लगेच सुनेला देऊन टाकली. मी कारण विचारलं.

"पहिली घेतली आणि मधेच मला काही झालं, तर पुढचे हप्ते तुला भरावे लागतील," ती म्हणाली. "शेवटची असली की कुणाचं देणं मागे राहत नाही."