सालटी काढणारं क्रियापद

पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवरून कुणी ना कुणी प्रशासनाची खरडपट्टी काढतंच. तीच बातमी इंग्रजी पेपरात आली, तर तिथे एखादं भारदस्त 'एक्सकोरिएट' बसलेलं असतं. अर्थ तोच: चारचौघांत, जिव्हारी लागेल असं झोडपणं.

लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'कोरियम' म्हणजे कातडं. इंग्रजीत हे क्रियापद १५ व्या शतकात आलं ते सोलण्याच्या अर्थाने. टीकेचा अर्थ त्याला १८ व्या शतकात चिकटला. जुना अर्थ मेलेला नाही. खरुजेने खाजवून खाजवून कातडी निघाली की ठाण्यातला त्वचारोगतज्ज्ञही केसपेपरवर 'एक्सकोरिएशन' लिहितो. आणि त्वचेचा आतला जाड थर, ज्याचं कमावून चामडं होतं, त्याला शरीरशास्त्रात अजूनही कोरियम म्हणतात.

हा कोरियम आपल्याला परका नाही. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ 'कापणे' अशा अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूत शोधतात. संस्कृतमधली कातरणारी 'कर्तरी' आणि कातडं या अर्थाचा 'कृत्ति' हे शब्द त्याच कुळातले. आपली कातडी आणि सापाची कात ही कृत्तीचीच लेकरं. कानाला सारखं वाटलं म्हणून जोडलेलं हे नातं नव्हे. लॅटिन आणि संस्कृतमधल्या कितीतरी शब्दांत ध्वनी ठरावीक नियमाने जुळतात, त्यावर ते उभं आहे. ठाण्याच्या कौपीनेश्वराच्या नावात शंकराची लंगोटी आहे. त्याचंच दुसरं नाव कृत्तिवास, कातडं पांघरणारा. 'एक्सकोरिएट'चा भाऊबंद असा थेट देवाच्या नावात जाऊन बसलाय.

पण शब्दांचा मार खरंच अंगाला लागतो का? २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काही जणांना संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळायला दिला आणि मध्येच त्यांच्याकडे चेंडू टाकणं बंद केलं. खेळातून असं वगळल्यावर मेंदूतल्या सिंग्युलेट कॉर्टेक्सचा पुढचा भाग सक्रिय झाला. शारीरिक वेदनेतही तो सक्रिय होतो. (कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल, आणि ही सालही त्याच धातूतली!) मात्र २०१४ च्या एका अभ्यासात बारकाईने पाहिलं, तेव्हा दोन्ही दुःखांचे मेंदूतले ठसे वेगवेगळे निघाले. शिवाय हे प्रयोग डावललं जाण्याचे, बोलणी खाण्याचे नव्हेत.

आपलं 'बिनपाण्याने करणं' मात्र प्रयोगाशिवाय पटतं. पाण्याने केस मऊ होतो. कोरडा केस कापायला वस्तऱ्याला जोर जास्त लावावा लागतो, आणि मग केसाबरोबर त्वचेचा वरचा पापुद्राही खरवडून येतो.