कोकणातलं घर कारखान्यात बनवायचं तर

कोकणात घराचं काम मृगाआधी छपरापर्यंत गेलं तर गेलं, नाहीतर थेट दिवाळीनंतर. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असताना ना प्लास्टर सुकत, ना स्लॅब टाकता येत. भिंती-छप्पर कारखान्यात तयार करून जागेवर फक्त जोडायचं, ही पद्धत म्हणूनच आपल्याकडे मोलाची आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सहा शहरांत नव्या बांधकाम तंत्रांचे प्रकल्प सुरू केले. इंदूरला सँडविच पॅनेल वापरले, रांचीला काँक्रीटच्या अख्ख्या खोल्या आधी ओतून मग एकमेकींवर रचल्या. अख्खी खोली आपल्या वाडीपर्यंत पोचणं कठीण. घाटातली वळणं आणि पायऱ्यांच्या पाखाड्या पाहता सुटे पॅनेलच बरे.

सँडविच पॅनेलच्या एका प्रकारात दोन पातळ पोलादी पत्र्यांच्या मधे फोम असतो; इथे तोच धरला आहे. पाच सेंटिमीटर फोम जवळपास मीटरभर जाडीच्या विटेइतकी उष्णता अडवतो. शिवाय किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नसतो. जाड चिऱ्याची भिंत दिवसभर तापली की रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. हलकी भिंत खिडक्या उघडल्या की लगेच निवते.

खरी अडचण दमटपणाची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या हवेतली वाफ साधारण २६ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. आत एसी २४ वर लावला की भिंतीचा आतला पत्रा त्या २६ अंशांहून गार होतो. सांध्यांतून शिरलेली बाहेरची वाफ मग त्या पत्र्याच्या पाठीला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ठिबकू लागते. थंड देशांत वाफ आतून बाहेर जाते, म्हणून तिथे तिला अडवणारा थर आतल्या बाजूला देतात. कोकणात तो बाहेरच्या बाजूला हवा. परदेशी नकाशा जसाच्या तसा उचलला तर दोन-चार पावसाळ्यांत भिंत आतून कुजते. त्यात खारा वारा. पत्र्याची कापलेली कड आणि स्क्रूचं भोक, गंज पहिल्यांदा धरतो तो तिथेच.

छपराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. रत्नागिरी १७ अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि घर तापतं ते मुख्यतः वरून. मला पटणारा उपाय असा: खाली पॅनेल, वर हात-दीड हात मोकळी जागा, आणि तिच्यावर आपली मंगळुरी कौलं. ऊन कौलं झेलतात, तापलेली हवा फटीतून निघून जाते. कौलं पुढे काढून पडवी केली की झडीचं पाणी भिंतीच्या सांध्यांवर येत नाही.

वाऱ्याचा हिशोबही करायलाच हवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ आलं तेव्हा झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत होते. एवढा वारा चौरस मीटरला ६५-७० किलोचा दाब देतो, आणि छपराच्या कडेला त्याची उचल त्याहूनही जास्त असू शकते. पॅनेलचं वजन मात्र चौरस मीटरला दहा-बारा किलो. म्हणजे घर वजनावर टिकणार नाही, बांधून ठेवल्यानेच टिकेल: छप्पर भिंतीला, भिंत जोत्याला आणि जोतं जमिनीला, एकही दुवा न सोडता. पुरवठादार स्वयंपाकघराचे रंग दाखवू लागला की आधी जोत्यातल्या अँकर बोल्टचा, म्हणजे भिंत जोत्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टचा, नकाशा मागा, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का ते लेखी घ्या.