मनगटावरचा बारकोड: रुग्णालयांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून रिस्टबँड, प्रिंटर आणि स्कॅनर घेणाऱ्या, किंवा घ्यायचा विचार करणाऱ्या रुग्णालयांसाठी हे पत्रक आहे. खरेदीच्या वेळी सगळं बोलणं दरावर होतं आणि वापराचं राहून जातं. म्हणून ते इथे लिहीत आहोत.

"सुनीता पाटील ना?" असं विचारलं की ग्लानीतला पेशंट मान हलवतो. कमी ऐकू येणारे आजोबा तर काहीही विचारलं तरी "हो" म्हणतात. आपल्याकडे एका वॉर्डात दोन सुनीता पाटील असणं नवलाचं नाही. कॉट नंबरवर विसंबावं, तर खिडकीजवळची कॉट रिकामी झाली की नातेवाईक पेशंटला तिकडे हलवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच सांगितलं आहे की ओळखीच्या किमान दोन खुणा तपासाव्यात आणि खोलीचा नंबर त्यात धरू नये. म्हणून सिस्टरांनी "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारावं आणि उत्तर पेशंटच्या तोंडून येऊ द्यावं. बऱ्याच वयस्कर पेशंटना जन्मतारीख ठाऊक नसते. तिथे यूएचआयडी नंबर, म्हणजे रुग्णालयाने पेशंटला दिलेला नोंदणी क्रमांक, ही दुसरी खूण. तो कुणाच्या लक्षात राहत नाही आणि हाताने लिहिताना एखादा आकडा हमखास चुकतो. हे काम स्कॅनरवर सोपवावं.

उभ्या रेघांचा लांब बारकोड मनगटाच्या गोलाईवर वळतो आणि टोकाच्या रेघा स्कॅनरला दिसत नाहीत. त्यामुळे आम्ही डेटामॅट्रिक्स किंवा क्यूआर हा चौकोनी कोड सुचवतो. जागा कमी लागते आणि थोडा खरवडला तरी वाचला जातो. नवजात बाळाच्या बँडसाठी ३०० डीपीआयचा (एका इंचात ३०० ठिपके छापणारा) प्रिंटर घ्या, बारीक कोड २०३ डीपीआयवर फिसकटू शकतो. कोडमध्ये फक्त यूएचआयडी ठेवा. नाव, वय आणि लिंग वर वाचता येईल असं छापा. आजाराचं नाव बँडवर नको. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्यानेच गुप्तता राखणं बंधनकारक आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. स्कॅन पेशंटच्या मनगटावरचाच, कॉटपाशी उभं राहून आणि औषध देण्याआधी व्हायला हवा. बॉस्टनच्या ब्रिगॅम अँड विमेन्स हॉस्पिटलचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध देतानाच्या चुका (वेळेच्या चुका सोडून) बारकोड नसलेल्या वॉर्डांत ११.५ टक्के होत्या, बारकोड असलेल्या वॉर्डांत ६.८ टक्के. पण त्याआधी, २००८ मध्ये, अमेरिकेतल्याच काही रुग्णालयांच्या अभ्यासात वेगळंच चित्र दिसलं होतं. पेशंटच्या बारकोडच्या जास्तीच्या प्रती ट्रॉलीवर, दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या होत्या, आणि स्कॅन तिथेच उरकला जात होता. मशीन "बरोबर" म्हणत होतं, पेशंटचा हात मात्र कुणी पाहिलेला नसायचा. यात सिस्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. बँड ओला होतो, स्कॅनरची बॅटरी उतरते, वायफाय कोपऱ्यातल्या कॉटपर्यंत पोचत नाही, आणि माणूस पळवाट काढतो. त्यामुळे बँडची दुसरी प्रत फक्त पहिला कापून टाकल्यावरच निघावी, आणि स्कॅन का होत नाही याची तक्रार त्याच दिवशी आमच्याकडे यावी.

फार्मसीकडेही लक्ष हवं. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या देशात ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे, पण कात्रीने कापून दिलेल्या दोन गोळ्यांवर तो येईलच असं नाही. अशा गोळ्या पाकिटात घालून त्यावर लेबल छापावं लागतं. नाहीतर पेशंटची ओळख पटते, औषधाची नाही. रक्ताची पिशवी लावताना मात्र स्कॅन झाला तरी दोघांनी मिळून पडताळणी करायचीच.

बँड सलाईन नसलेल्या हातात बांधा. बांगड्यांच्या किंवा गंड्यादोऱ्याच्या खाली तो अडकू देऊ नका, आणि खाली एक बोट सहज जाईल इतका सैल ठेवा. हातावर सूज असेल तर पायाच्या घोट्यावर. बाळाला आणि आईला एकाच नंबरचे बँड प्रसूतिगृहातच, दोघं वेगळी होण्याआधी बांधा.

थर्मल बँडवरची (उष्णतेने उमटणारी) छपाई सॅनिटायझरने पुसट होऊ शकते. वरून संरक्षक थर असलेला बँड थोडा महाग पडतो, पण तोच घ्या. खात्री करायची असेल तर नमुने मागवा. ते आम्ही मोफत देतो. तुमच्याच स्टाफच्या हातात तीन दिवस राहू द्या, आंघोळ, सॅनिटायझर, भांडी, सगळं होऊ द्या, आणि मग तुमच्याच स्कॅनरने वाचून पाहा. एकदा जरी वाचला गेला नाही तरी आम्हाला कळवा, दुसऱ्या प्रकारचा बँड देऊ.