रंग आधी कडेलाच का उडतो?

मागच्या दसऱ्याच्या आधी आमची गाडी एका गॅरेजात रबिंग-पॉलिशला दिली होती. गडद निळा रंग. संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा बोनेट आरशासारखं चमकत होतं. पण पुढच्या कडेला, हेडलाइटच्या जरा वर, बोटाच्या पेराएवढी करडी रेघ उघडी पडली होती. ती रेघ म्हणजे प्रायमर, रंगाच्या खालचा थर. वरचे दोन्ही थर तिथून साफ गेले होते. एवढ्या मोठ्या बोनेटला कुठं काही नाही आणि कडेलाच का? पोरगा नवशिका होता, पण त्यानं आडदांडपणा केला नव्हता. मध्यभागी मशीन जसं फिरवलं तसंच कडेवर फिरवलं होतं. चुकलं ते तिथंच.

गाडीच्या पत्र्यावर थरांची उतरंड असते. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतं. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. चमक याच थराची, आणि उन्हातले अतिनील किरण शोषून खालचा रंग वाचवणारी रसायनंही याच थरात. पॉलिश करताना आपण गाडीवर काही चढवतो असं अनेकांना वाटतं. खरं तर ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून पृष्ठभाग सपाट केला जातो. दर वेळी दोन-चार मायक्रॉन जातात, आणि सपाट जागी तेवढं परवडतं.

कडेला मात्र मुळात थरच पातळ असतो, आणि याचं कारण रंगवणाऱ्याच्या हातात नाही. अळवाच्या पानावरचं पाणी आठवा. थेंब स्वतःला आक्रसून गोल होतो, कारण पृष्ठताणामुळे कुठलाही द्रव आपला पृष्ठभाग होईल तितका कमी करू बघतो. ओला रंगही तेच करतो. तीक्ष्ण कडेवर पसरून राहायचं तर पृष्ठभागाला एकदम वळावं लागतं, म्हणून रंग कडेवरून मागं सरकतो आणि थोडा आत जाऊन जाड होतो. कारखान्यात विद्युतभाराच्या साहाय्यानं फवारलेला रंग कडेवर चांगला ओढला जातो हे खरं, पण पुढं भट्टी असते. क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सियसला भाजतात. घट्ट होण्याआधी तो गरम होऊन काही काळ पातळ होतो, आणि तेवढ्या वेळात पृष्ठताण आपलं काम उरकून घेतो. जहाजबांधणीतल्या लोकांना हे इतकं पक्कं ठाऊक आहे की तिथं पोलादाच्या कडा आधी घासून गोल करतात आणि रंगाचा एक जादा हात फक्त कडांवर ब्रशनं देतात.

आता या पातळ कडेवर मशीन आलं की काय होतं ते पाहू. मशीनला लावलेला १५० मिलिमीटरचा गोल पॅड सपाट बोनेटवर टेकतो तेव्हा हाताचा जोर जवळपास १७५ चौरस सेंटिमीटरवर विभागला जातो. तोच पॅड कडेवर किंवा दरवाजाच्या उभारलेल्या घडीवर आला की जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी टेकते, म्हणजे १५ चौरस सेंटिमीटर. जोर तेवढाच, दाब बारा पट. जुन्या विहिरीच्या दगडी काठावर दोरानं पडलेले वण पाहिलेत ना? दोर सगळीकडे घासतो, पण खाच पडते ती काठावर.

वेगही कमी नसतो. रोटरी मशीन, म्हणजे पॅड नुसता गोल फिरवणारं, मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर या पॅडचा काठ सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटरनं घासत असतो. घर्षणाची उष्णता सपाट पत्र्यात चहूबाजूंना पसरते. कडेला पुढं पत्राच नाही, तिथं ती एकाच बाजूला जाऊ शकते. क्लिअर कोट तापला की मऊ पडतो आणि मऊ थर भराभर निघतो. बंपरची गत आणखी वाईट, कारण प्लॅस्टिक उष्णता पुढं पोचवण्यात पोलादाच्या शेकडो पट मागं आहे. सगळी धग वरच्या थरातच कोंडते.

माहीतगार कारागीर म्हणूनच मशीन सुरू करण्याआधी कडांवर आणि घड्यांवर मास्किंग टेप मारतो. पॅड कडेवरून बाहेर जाईल अशा दिशेनं फिरवतो, बाहेरून आत येऊ देत नाही. मधूनमधून उलटा तळहात पत्र्याला लावून बघतो. पॅडचा फेस पांढरा असला तर ठीक, क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला निळा रंग लागायला लागला तर मशीन तिथल्या तिथं बंद. पॅड गोल फिरवता फिरवता हलवतही राहणारं ड्युअल अॅक्शन मशीन अशा ठिकाणी बरं, कारण कडेवर दाब वाढला की त्याचा पॅड गोल फिरायचा थांबून नुसता थरथरत राहतो. रोटरी थांबत नाही. जाडी मोजायचं मीटर आहेच की, असं वाटेल. पण पत्र्यावरची ही मीटरं चुंबकीय क्षेत्रावर चालतात, आणि कडेला ते क्षेत्र वाकडं होतं. म्हणजे जिथं आकड्याची सगळ्यात जास्त गरज, तिथंच आकडा बिनभरवशाचा.

दाराच्या हँडलमागची वाटी हा आणखी वेगळा प्रकार. तिथं नखांचे आणि अंगठ्यांचे ओरखडे हमखास असतात. जागा खोलगट, त्यामुळे पॅडचा काठ, म्हणजे सर्वांत वेगानं धावणारा भाग, आधी टेकतो. २५ मिलिमीटरचा छोटा पॅड आत जातो, पण त्या एवढ्याशा स्पंजला उष्णता साठवायला जागाच नसते, तो लगेच तापतो. मला तरी तिथं मशीन नकोच वाटतं. स्पंजचा तुकडा, वाटाण्याएवढं कंपाऊंड (घासायची पेस्ट) आणि हात.

त्या करड्या रेघेवर पॉलिशचा इलाज नव्हता, रंगच लावावा लागला. ते काम दुसऱ्या एका पेंटरनं केलं. नंतर त्यानं डाव्या दारावरची टेप काढली तेव्हा घडीवर बोटभर लांबीचे दोन-तीन बारीक ओरखडे मंद पट्ट्यात दिसत होते. त्यानं स्पंजनं हलक्या हातानं चार-पाच वेळा घासलं, बॅटरी तिरकी धरून पाहिलं, आणि उरलेले ओरखडे तसेच राहू दिले.